वेबपेजची किल्ली कुणाकडे? व्हिज्युअल एडिटरची पन्नास वर्षं

आजचा विषय थोडा माझ्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे मी जरा वाहवत गेलो तर सांभाळून घ्या. दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं होतं की हल्ली जिकडेतिकडे 'व्हिज्युअल सीएमएस' ऐकू येतं, हे नक्की प्रकरण काय आहे आणि त्यात एवढं नवीन ते काय?

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. वेबसाइटवरचा मजकूर, फोटो, बटणं जिथून बदलता येतात ती जागा. आणि व्हिज्युअल म्हणजे पान वाचकाला जसं दिसणार तसंच समोर ठेवायचं आणि तिथल्या तिथे, त्या पानावरच बदल करायचा. आता नवीन काय, तर खरं सांगू का, फारसं काहीच नाही. ही पन्नास वर्षांची जुनी भानगड आहे. पण भानगड भारी आहे, म्हणून आजचा एपिसोड.

आधी दुखणं काय आहे ते सांगतो. वेबसाइट सांभाळणाऱ्या टीममध्ये लिहिणारे असतात, डिझाइनवाले असतात आणि आमच्यासारखे कोडवाले असतात. समजा एका कॉलेजच्या साइटवर 'अर्ज १५ जूनपर्यंत' असं आहे आणि लिहिणाऱ्या मुलीला तिथे '२० जूनपर्यंत' करायचंय. मजकूर कोडमध्येच कोंबलेला असेल तर ती काय करणार? तिकीट टाकणार. तिकीट पुढच्या सोमवारच्या मीटिंगला येणार, मग कुणीतरी डेव्हलपर ते उचलणार, दुसरा कुणी रिव्ह्यू करणार, तिसरा डिप्लॉय करणार. दोन आकडे बदलायला चार माणसं आणि एक आठवडा. तोपर्यंत १५ तारीख उलटलेली असते, आणि गावाकडून फोनवर ते पान बघणाऱ्या एखाद्या पोराने 'मुदत संपली' म्हणून अर्ज भरायचा नाद सोडून दिलेला असतो. त्या पोराला आपल्या तिकिटाशी काय देणंघेणं?

म्हणजे प्रश्न सोयीचा वाटतो, पण आहे हक्काचा. पानावरचा शब्द बदलायची किल्ली कुणाच्या खिशात आहे? हा प्रश्न घेऊन आता आपण १९७४ मध्ये जाऊ.

कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो. तिथे झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र होतं, झेरॉक्स पार्क. हो, तेच झेरॉक्स, ज्यावरून आपण 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो. त्यांच्याकडे आल्टो नावाचा कॉम्प्युटर होता, माऊसवाला आणि उभ्या कागदाच्या आकाराची स्क्रीन असलेला. त्यावर बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर बनवला. स्क्रीनवर जाड अक्षर जाड दिसायचं, तिरकं तिरकं दिसायचं, आणि प्रिंट काढली की तसंच यायचं. 'जे दिसेल तेच मिळेल' ही कल्पना इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभी राहिली. इंग्रजीत तिच्या आद्याक्षरांवरून 'विझिविग' म्हणतात. (हे वाक्य मुळात त्या काळी अमेरिकन टीव्हीवर गाजलेल्या फ्लिप विल्सन या विनोदवीराचं पेटंट वाक्य. तिथून ते कॉम्प्युटरवाल्यांनी उचललं.) यातले सिमोनी पुढे १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेले आणि तिथे 'वर्ड' उभं राहिलं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं मूळ हेच.

पण ब्राव्होमध्ये एक गोची होती. त्यात दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत तुम्ही टाइप केलं की अक्षरं उमटायची, दुसऱ्या अवस्थेत तीच अक्षरं हुकूम व्हायची. ज्यांनी व्हिम वापरलंय ते आत्ता हसत असतील. यावरून पार्कमध्ये एक किस्सा प्रसिद्ध होता. हुकमाच्या अवस्थेत असताना कुणी भाबडेपणाने इंग्रजीत 'एडिट' हा शब्द टाइप केला, तर ब्राव्हो काय समजायचा? ई म्हणजे सगळं निवड. डी म्हणजे उडव. आय म्हणजे इथे घाल. आणि काय घालू? टी. झालं! तुमचा अख्खा दस्तऐवज गेला आणि त्या जागी एक टी हे अक्षर उभं.

इंजिनिअर लोकांना याचं काही वाटायचं नाही. सवय करून घ्या, असं त्यांचं म्हणणं. आता इथे गोष्टीत गिन अँड कंपनी येते. ही बॉस्टनजवळची शालेय पुस्तकं छापणारी जुनी प्रकाशन संस्था, तेव्हा झेरॉक्सच्याच मालकीची. तिथे टिम मॉट नावाचा तरुण होता. पार्कवाल्यांचं तंत्रज्ञान आपल्या संपादकांच्या उपयोगाचं आहे का, हे बघायचं काम त्याच्याकडे आलं. तो गेला, त्याने तिथली एक सिस्टिम बघितली आणि त्याचं मत झालं की आमच्या संपादकांना हे असं देऊन काही उपयोग नाही. मग तो आणि पार्कमधला लॅरी टेस्लर एकत्र बसले.

त्यांनी जे केलं ते आजसुद्धा निम्म्या कंपन्या करत नाहीत. कोड लिहायच्या आधी ते संपादक काम कसं करतात ते बघत बसले. पुस्तकाचं हस्तलिखित टेबलावर, हातात कात्री, शेजारी डिंक. परिच्छेद कापायचा, दुसरीकडे चिकटवायचा, समासात पेन्सिलीने खुणा करायच्या. मग त्यांनी लोकांना नुसत्या स्क्रीनसमोर बसवलं, हातात माऊस दिला, आणि विचारलं की समजा तुमचं पान इथे आहे, तर तुम्ही काय कराल? लोक म्हणाले, इथे बोट ठेवीन, एवढं उचलीन, तिथे टाकीन. कुणीही असं म्हणालं नाही की मी आधी हुकमाच्या अवस्थेत जाईन.

त्यातून १९७५ च्या सुमारास जिप्सी नावाचा एडिटर तयार झाला. कट, कॉपी, पेस्ट आज आपण दिवसाला शंभर वेळा करतो. स्क्रीनवरचं ते करणं इथे आकाराला आलं, आणि 'कट' आणि 'पेस्ट' ही नावं खऱ्या कात्री-डिंकावरून आली. शब्दावर डबल-क्लिक केलं की तो शब्द निवडला जातो, हेसुद्धा जिप्सीतलंच. टेस्लरला पुढे आयुष्यभर या 'अवस्थां'चा इतका राग होता की त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर इंग्रजीत 'नो मोड्स' असं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत तो वारला, तेव्हा बातम्यांचे मथळे 'कट-कॉपी-पेस्टचा जनक गेला' असे होते. मला विचाराल तर त्याचं मोठं काम ते नव्हे. ज्याच्या हातात पेन आहे त्याला आधी विचारायचं, ही पद्धत त्याने आणि मॉटने घालून दिली, ते मोठं.

आता वेबकडे येऊ. इथली गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी चाटच पडलो होतो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला. नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्जने काढलेल्या कंपनीच्या. हा पहिला ब्राउझर ब्राउझर तर होताच, पण तो एडिटरही होता! पान उघडायचं, कर्सर ठेवायचा, लिहायला लागायचं. मजकूर निवडून मेनूतून लिंक जोडायची. एचटीएमएलचे टॅग माणसाने हाताने लिहावेत अशी बर्नर्स-ली यांची कल्पनाच नव्हती. ते मशीनने मागच्या मागे सांभाळायचं प्रकरण होतं. लोक ते कंसातले टॅग स्वतः टाइप करायला तयार झाले याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं. आम्ही लोकांनी नुसते टॅग टाइप केले नाहीत तर त्यावर करिअर काढलं, ही वेगळी गोष्ट.

मग तो एडिटर गेला कुठे? कारण अगदी साधं आहे. नेक्स्ट मशीन महाग, फार थोड्या लोकांकडे. बाकीच्यांना वेब दिसायचं तर कुठल्याही टर्मिनलवर चालणारं काहीतरी हवं होतं. सर्नमध्ये निकोला पेलो ही गणिताची विद्यार्थिनी आली होती, तिने १९९१ मध्ये फक्त मजकूर दाखवणारा साधा ब्राउझर लिहिला. तो सगळीकडे चालायचा, पण त्यात फक्त वाचता यायचं. मग १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझेइक आणला, मजकुरात चित्रं दाखवणारा. जग त्याच्या प्रेमात पडलं. बर्नर्स-ली यांची फार इच्छा होती की या नव्या ब्राउझरांनी लिहिण्याची सोयही द्यावी, पण ती कुणी मनावर घेतली नाही. आणि एका अर्थी त्यांचंही बरोबर होतं. दाखवणं सोपं असतं. दाखवलेल्या गोष्टीत बदल करू देणं आणि तो पुन्हा नीट साठवणं, हे कित्येक पटींनी अवघड आहे. मी स्वतः एक एडिटर बनवायच्या कामावर सहा महिने होतो, त्यामुळे शपथेवर सांगतो.

तर असं झालं की वाचायचं माध्यम लाखोंच्या हातात गेलं आणि लिहायचं माध्यम टॅग येणाऱ्यांच्या हातात राहिलं. पुढची तीस वर्षं जी धडपड चालली आहे ती ही हरवलेली किल्ली शोधायची.

नव्वदच्या दशकातला पुढचा भाग पटकन सांगतो. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅमने विकी आणला, ज्यात कुणीही पान बदलू शकत होतं, पण खुणांची एक छोटी भाषा शिकून. त्याच सुमारास चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांच्या व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीने फ्रंटपेज आणलं. व्हर्मीर हे डच चित्रकाराचं नाव. १९९६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ही कंपनी तेरा कोटी डॉलरच्या आसपास मोजून विकत घेतली. गंमत बघा, फ्रंटपेजने बनवलेल्या साइटच्या फोल्डरांच्या नावात 'व्हीटीआय' अशी अक्षरं असायची. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इन्कॉर्पोरेटेड. कंपनी गेली, फ्रंटपेज गेलं, पण मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटच्या पत्त्यांत ती तीन अक्षरं अजून सापडतात. कोडमध्ये भुतं अशीच राहतात.

१९९७ मध्ये ड्रीमवीव्हर आलं. ज्यांनी शाळेत किंवा क्लासला वेबडिझाइन शिकलंय त्यांना हे आठवत असेल.

फ्रंटपेजने दुकानदार, शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते यांच्या हातात पान दिलं. पण ते मागे जो कोड तयार करायचं तो बघून डेव्हलपर लोक कपाळ बडवायचे. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल, प्रत्येक शब्दाला वेगळा फॉन्ट टॅग. वर्डमधून मजकूर पेस्ट केला की सोबत कचऱ्याचा ट्रक यायचा. त्यामुळे आमच्या जमातीत एक मत घट्ट झालं, की विझिविग म्हणजे हौशी लोकांचं काम, खरा माणूस हाताने लिहितो. हे मत मला कॉलेजात सीनियरकडून जसंच्या तसं मिळालं. कोडबद्दल ते बरोबरच होतं. पण त्या दुकानदाराला दिवाळीच्या सेलची तारीख स्वतः बदलता येत होती, हे आमच्या हिशेबात कुठे लिहिलेलंच नव्हतं.

इथे जरा मराठीकडे वळतो, कारण 'जे दिसेल तेच मिळेल' याची एक कडू बाजू मराठी वेबने चाखली आहे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि ती आपल्या भारतीय इस्की मानकावर बेतलेली आहे. पण साध्या माणसाच्या कॉम्प्युटरवर ती दिसायला विंडोज २००० आणि एक्सपीचा काळ यावा लागला. त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षं मराठी साइट्स स्वतःचे खास फॉन्ट वापरायच्या. युक्ती अशी असायची, की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवायची. स्क्रीनवर छान 'महाराष्ट्र' दिसायचं, पण आत साठवलेलं असायचं काहीतरी अगम्य इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. फॉन्ट नसेल तर ते कडबोळंच दिसायचं. शोधलं तर सापडायचं नाही, कॉपी केलं तर दुसरीकडे चालायचं नाही. त्या काळात लिहिलेलं किती मराठी आज शोधात सापडतच नाही, याचा विचार केला की वाईट वाटतं. डोळ्यांना दिसतं ते आतही तसंच असलं पाहिजे, नाहीतर व्हिज्युअल एडिटर हा नुसता देखावा.

उलट बाजूला मायबोलीसारख्या, १९९६ पासून चालू असलेल्या साइटने काय केलं ते बघा. पुढे रोमनमध्ये टाइप करा आणि खिडकीत लगेच देवनागरी बघा, अशी सोय आली. मनोगत, मिसळपाव, सगळीकडे हेच. गमभनसारखी साधनं त्यासाठीच होती. तंत्र म्हणून ते छोटं वाटतं. पण अमेरिकेत बसलेल्या, मराठी कीबोर्ड कधी न बघितलेल्या एखाद्या काकूंनी 'मी पहिल्यांदाच लिहितेय' म्हणत पुरणपोळीची कृती टाकली, ती त्या खिडकीमुळे. लिहिताना अक्षर समोर उमटतंय हे दिसलं की माणूस लिहितो.

आता २००३ चा मे महिना. १ मे, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. आणि त्याच महिन्यात २७ तारखेला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी, मिशेल वाल्द्रिगीने लिहिलेला बी-टू नावाचा बंद पडत चाललेला प्रोग्रॅम उचलून तो बनवला होता. या दोन प्रकल्पांत पुढे व्हिज्युअल एडिटरवरून जे रामायण झालं ते ऐकण्यासारखं आहे.

आधी वर्डप्रेस. २००५ च्या अगदी शेवटी आलेल्या २.० आवृत्तीत त्यांनी टायनीएमसीई नावाचा एडिटर बसवला. पुढे त्यावर दोन टॅब आले: एक 'व्हिज्युअल', एक 'एचटीएमएल'. मला ते दोन टॅब म्हणजे टीमचं चित्रच वाटतं. एक लिहिणाऱ्यांचा दरवाजा, एक आमचा, आणि दोघं एकमेकांच्या दारातून गेले की काहीतरी मोडणार. आम्ही कोडच्या टॅबमध्ये नीट लावलेलं काहीतरी, कुणी व्हिज्युअलमध्ये उघडून सेव्ह केलं की गायब.

आता विकिपीडिया. तिथे लिहायचं तर विकिटेक्स्ट यायला हवं: चौकोनी कंस, महिरपी कंस, साचे, संदर्भ. गावच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला आपल्या तालुक्याच्या लेखातली एक चूक दुरुस्त करायची आहे, तिने 'संपादन' दाबलं, समोर कंसांचं जंगल आलं, तिने पान बंद केलं. चूक तशीच. म्हणून विकिमीडिया फाउंडेशनने व्हिज्युअल एडिटर बनवायला घेतला, मराठीत त्याला 'यथादृश्य संपादक' म्हणतात. (किती छान शब्द आहे! यथा-दृश्य. जसं दिसतं तसं.)

२०१३ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर तो सगळ्यांसाठी चालू केला आणि बोंबाबोंब झाली. तो हळू होता, साचे नीट पेलत नव्हता, आणि अधूनमधून लेखात भलतीच चिन्हं सोडून जात होता. एका बगमुळे तर गंभीर लेखांच्या मध्येच बुद्धिबळातलं प्यादं उमटायचं! जुने संपादक संतापले, आणि सप्टेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या समाजाने तो सरसकट चालू ठेवायचं बंद पाडलं. ज्याला हवा त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा, असं ठरलं.

यातली तांत्रिक अडचण समजून घेण्यासारखी आहे. पान उघडताना विकिटेक्स्टचं एचटीएमएल करायचं. माणूस त्यात एक शब्द बदलणार. सेव्ह करताना परत विकिटेक्स्ट करायचं, आणि तेही असं, की तो एक शब्द सोडून बाकी एक स्पेससुद्धा इकडची तिकडे होता कामा नये. कारण तिथे प्रत्येक बदल लोक डोळ्यात तेल घालून तपासतात. यासाठी पार्सॉइड नावाचा वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागला. तो परिपक्व व्हायला वर्षं गेली. आज यथादृश्य संपादक बऱ्यापैकी चांगला आहे, आणि त्या वेळचे आरडाओरडा करणारे लोकही चूक नव्हते. फक्त एक गोष्ट माझ्या मनात राहते. ओरडणारे सगळे असे होते ज्यांना विकिटेक्स्ट येत होतं. पान बंद करून गेलेली ती शिक्षिका त्या चर्चेत कशी असणार?

वर्डप्रेसवर याची पुनरावृत्ती ६ डिसेंबर २०१८ ला झाली. ५.० आवृत्तीत गुटेनबर्ग आला. छपाईवाल्या गुटेनबर्गचंच नाव. आता पान म्हणजे ठोकळे: परिच्छेदाचा ठोकळा, फोटोचा, बटणाचा, दोन रकान्यांचा. एकेक ठोकळा उचला, ठेवा, जागच्या जागी लिहा. रिव्ह्यूंमध्ये एका स्टारचा पाऊस पडला, आणि जुना एडिटर परत आणणारं प्लगइन लाखो साइट्सवर बसवलं गेलं. हळूहळू लोक रुळले. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स वर्डप्रेसवर आहेत, त्यामुळे या ठोकळ्यांनी कितीतरी लोकांच्या हातात पान दिलं आहे.

पण गुटेनबर्ग येण्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, वर्डप्रेसच्या ॲक्सेसिबिलिटी टीमच्या प्रमुख रिअन रिटवेल्ड यांनी राजीनामा दिला. एक मोठं कारण हा नवा एडिटरच होता. डोळ्यांनी बघून, माऊसने ओढून करायच्या गोष्टी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाने किंवा फक्त कीबोर्ड वापरणाऱ्याने कशा करायच्या? पुढे विद्यापीठांतल्या वर्डप्रेसवाल्यांच्या एका समुदायाने वर्गणी काढून याची स्वतंत्र तपासणी करवून घेतली, २०१९ मध्ये अहवाल आला, आणि बऱ्याच त्रुटी नंतर दुरुस्त झाल्या. 'व्हिज्युअल' हा शब्द उच्चारताना हे विसरू नये असं मला वाटतं. साध्या टेक्स्टबॉक्समध्ये अंध संपादक डोळस माणसाइतकाच वेगाने लिहू शकत होता. नव्या दरवाजाने काहींना आत घेतलं आणि काही जुन्यांसमोर पायरी बांधली.

याच दशकात आम्ही डेव्हलपरांनी आणखी एक पराक्रम केला, 'हेडलेस'. सीएमएसचं डोकं उडवलं. म्हणजे मजकूर एकीकडे निव्वळ डेटा म्हणून ठेवायचा आणि तो वेबसाइट, ॲप, टीव्ही, कुठेही हवा तसा दाखवायचा. जर्मनीतली कंटेंटफुल ही यातली मोठी कंपनी. तंत्र म्हणून ही कल्पना फार सुंदर आहे, मला आजही आवडते. पण लिहिणाऱ्यांसमोर काय उरलं? एक लांबलचक फॉर्म. 'शीर्षक एक', 'शीर्षक दोन', 'उपमजकूर', 'बटण मजकूर पर्यायी'. हे पानावर कुठे जाणार, कसं दिसणार, काही कळायला मार्ग नाही. थोडक्यात, १९९३ पुन्हा घडलं. किल्ली परत आमच्याकडे.

त्यावरचा उतारा म्हणून हल्लीचे व्हिज्युअल सीएमएस आले. ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये २०१७ साली सुरू झालेलं स्टोरीब्लॉक हे त्यातलं एक, असे आता बरेच आहेत. यात डाव्या बाजूला तुमचं खरं पान उघडतं, खऱ्या फॉन्टसह, आणि प्रत्येक मजकुराला मागे एक खूण जोडलेली असते की हा कुठल्या नोंदीतून आला. पानावरच्या वाक्यावर क्लिक केलं की नेमका तोच रकाना उजवीकडे उघडतो. टाइप करा, डावीकडे लगेच बदल. डेव्हलपर ठोकळे बनवतो, त्यांचे रंग, अंतरं, मर्यादा ठरवून ठेवतो. लिहिणारे ते ठोकळे मांडतात. फ्रंटपेजच्या काळात मोकळीक होती पण शिस्त नव्हती, फॉर्मच्या काळात शिस्त होती पण डोळे बांधलेले. इथे दोन्हीचा थोडा मेळ बसतो.

मराठीत काम करणाऱ्या टीमला तर याचा फायदा जास्तच. इंग्रजीत 'अप्लाय' एवढंसं असतं, मराठीत 'अर्ज करा' किंवा 'नोंदणी करा' होतं, आणि बटणातून शब्द बाहेर डोकावतो. इंग्रजीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं की मात्रा आणि वेलांट्यांचे शेंडे कापले जातात, 'की' आणि 'के' ओळखू येत नाहीत. फॉर्ममध्ये हे काहीच दिसत नाही, तिथे सगळं ठाकठीक.

आमच्या टीममध्ये मागच्या वर्षी झालेली गोष्ट सांगतो. एका रिसॉर्टचं मराठी पान होतं. त्यात आचाऱ्यांबद्दल मजकूर होता, चुलीवरचं जेवण बनवणाऱ्या. आता 'आचाऱ्यां'मधला तो केसासारखा आडवा रफार मराठीत दोन प्रकारे टाइप होतो. एका जुन्या प्रकारात 'र' आणि पाय मोडल्यावर मध्ये एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडणारं अक्षर असतं. आम्ही एक तयार लायब्ररी वापरत होतो, ती मजकुरातली सगळी न दिसणारी अक्षरं 'कचरा' समजून साफ करायची. ते अक्षर गेलं की रफार उडी मारून वर जातो, आणि 'आमच्या आचाऱ्यांना' चं होतं 'आमच्या आचार्यांना'. म्हणजे पानावर छापून येणार होतं की आमच्या आचार्यांना मटण उत्तम जमतं!

हे पकडलं कुणी? आमच्या एकाही टेस्टने नाही. सगळे टेस्ट हिरवे होते. पकडलं आमच्या टीममधल्या मजकूर बघणाऱ्या ताईंनी, मराठी साहित्यात एम.ए. केलेल्या, कोडशी काडीचा संबंध नसलेल्या. त्या प्रिव्ह्यूमध्ये पान वाचत होत्या आणि एकदम हसायला लागल्या. पब्लिश व्हायच्या आधी. जुन्या फॉर्मच्या पद्धतीत त्यांना ते पान लाइव्ह गेल्यावरच दिसलं असतं, आणि मग तिकीट, सोमवारची मीटिंग, वगैरे वगैरे.

तोटे नाहीत का? आहेत. या सिस्टिम महाग पडतात, लहान संस्थेला परवडत नाहीत. ठोकळे बनवायला सुरुवातीला आमचा वेळ जातो, आणि मॅनेजर मंडळींना तो दिसत नाही. कुणालाही बदलता येतं म्हटल्यावर कुणीही बदलतं, त्यामुळे कुणाला कुठला ठोकळा हलवता येईल आणि पब्लिशचं बटण कुणाकडे, हे आधी बसून ठरवावं लागतं. आणि एकदा तुमचा सगळा मजकूर त्यांच्या ठोकळ्यांत गेला की तिथून बाहेर काढणं सोपं नसतं. निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की उद्या सोडून जायचं ठरवलं तर माझा मजकूर मला कशा स्वरूपात परत देणार?

जाता जाता एक गंमत. सर्नने २०१९ मध्ये वेबला तीस वर्षं झाली म्हणून बर्नर्स-ली यांचा तो पहिला ब्राउझर पुन्हा बनवला, आजच्या ब्राउझरच्या आत चालेल असा. शोधलात तर लगेच सापडेल, लॅपटॉपवर उघडा. राखाडी खिडक्या, साधा मजकूर. एखाद्या लिंकवर क्लिक कराल तर काहीच होणार नाही आणि तुम्हाला वाटेल बिघडलंय. बिघडलेलं नाहीये. तिथे लिंक उघडायला डबल-क्लिक करावं लागतं, कारण एका क्लिकने कर्सर मजकुरात जाऊन बसतो, तुम्ही लिहायला सुरुवात कराल म्हणून.